करडईच्या तेलापासून विमानाचं इंधन: ऑटोक्लेव्हमधून पांढरा घट्ट गोळाच निघतोय, कॅटॅलिस्ट बदलू का?

भुईकोट
मंडळी, प्रकल्प असा आहे: करडईच्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून विमान इंधनाच्या टप्प्यातले हायड्रोकार्बन मिळवायचे. ऑटोक्लेव्ह (दाब सोसणारं बंद भांडं) १०० मिलीचा. त्यात २० ग्रॅम रिफाइंड करडई तेल आणि १ ग्रॅम निकेल-मॉलिब्डेनम कॅटॅलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक (ॲल्युमिनावरचा, १५ टक्के मॉलिब्डेनम ऑक्साइड, ३.५ टक्के निकेल ऑक्साइड, डब्यातून आला तसाच कुटून). थंड असताना हायड्रोजन ४० बार, मग ३५० अंश सेल्सिअसला ४ तास, ढवळणी ६०० आरपीएम.

मे महिन्यातल्या बॅचमधून पातळ द्रव मिळाला होता, त्यामुळे जमलं असं धरलं. तोच नमुना डिसेंबरात बाटलीत गोठला, आणि आता नव्या बॅचही पांढऱ्या, मेणासारख्या निघतायत. निकेल-मॉलिब्डेनम सोडून कार्बनवरच्या पॅलेडियमकडे वळावं का? की सरळ प्लॅटिनम-सापो-११ (बारीक छिद्रांच्या आधारावरचा प्लॅटिनम) घ्यावा?

हायड्रोजन_हिशेब
कॅटॅलिस्टला हात लावू नका, आधी मोल मोजा.

करडईच्या तेलात तीन चतुर्थांशाच्या आसपास लिनोलेइक आम्ल असतं, म्हणून हिशेबासाठी ट्रायलिनोलेइन धरू, रेणुभार ८७९. एका रेणूत सहा दुहेरी बंध, ते भरायला ६ हायड्रोजन. ग्लिसरॉलच्या कण्यापासून तीन आम्लं सोडवून प्रोपेन करायला ३. प्रत्येक आम्लातला ऑक्सिजन पाणी करून काढायला तीन-तीन, म्हणजे ९. एकूण १८. वजनात तेलाच्या ४.१ टक्के.

तुमच्या २० ग्रॅमला ०.८२ ग्रॅम, म्हणजे ०.४१ मोल हायड्रोजन लागतो. भांड्यात आहे किती? तेल आणि कॅटॅलिस्ट गेल्यावर वर जागा उरते साधारण ७५ मिली. २५ अंशाला ४० बारने त्यात ०.१२ मोल मावतो. गरजेच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी. सगळा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइड होऊन गेला असं धरलं, म्हणजे सगळ्यात कमी हायड्रोजन खाणारा मार्ग घेतला, तरी ०.२ मोल लागतोच.

तेव्हा होतं असं: दुहेरी बंध आधी भरतात, कारण ते काम सोपं आहे आणि २०० अंशाच्या आतच सुरू होतं. तिथेच बहुतेक हायड्रोजन संपतो. पुढे ३०० अंशांवर ऑक्सिजन काढायची वेळ येते तेव्हा भांड्यात काही उरलेलं नसतं. हातात येतं ते वनस्पती तुपासारखं कडक झालेलं तेल आणि स्टिअरिक आम्ल. उरलेले बहुअसंतृप्त तुकडे हायड्रोजनअभावी वळून वलयं करतात आणि शेवटी कोक (कार्बनची काजळी) होऊन कॅटॅलिस्टवर बसतात. कुटलेला कॅटॅलिस्ट काळा कुळकुळीत आणि चिकट निघत असेल तर तेच झालंय.

तिसरा_बेड
वरच्या हिशेबाशी पूर्ण सहमत. एक दुसरी गोष्ट राहिली. "डब्यातून आला तसाच" म्हणजे ऑक्साइड रूपातला. निकेल-मॉलिब्डेनमचं खरं काम सल्फाइड रूपात चालतं. ऑक्साइडला सल्फरशिवाय गरम हायड्रोजन लागला की तो अर्धवट धातूकडे झुकतो, आणि एकदा तसा झालेला नंतर नीट सल्फाइड होत नाही. म्हणून सल्फायडिंग हे प्रयोगाआधीचं वेगळं पाऊल आहे, ते टाळता येणार नाही.

सल्फर किती? १ ग्रॅम कॅटॅलिस्टमध्ये मॉलिब्डेनम १.०४ मिलिमोल, त्याला दुप्पट सल्फर. निकेलसाठी आणखी ०.३. एकूण २.४ मिलिमोल सल्फर, म्हणजे डायमिथाइल डायसल्फाइड ०.११ ग्रॅम. थोडं गळतं, थोडं हायड्रोजन सल्फाइड होऊन वायूत राहतं, म्हणून ०.२ ग्रॅम घ्या. कॅटॅलिस्ट आधी नायट्रोजनखाली १२० अंशाला वाळवा. मग डोडेकेनमध्ये (१२ कार्बनचा द्रव हायड्रोकार्बन) डायसल्फाइड मिसळून त्यात बुडवा, हायड्रोजन भरा, हळूहळू २३० अंशावर न्या, दोन तास थांबा, मग ३२० वर आणखी दोन तास. २३० चा थांबा चुकवू नका. सल्फर मिळायच्या आत तापमान पळालं की वर म्हटलेली गडबड होते.

कळकळीने सांगतो: वायू सोडताना त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याचा सडक्या अंड्याचा वास थोड्या प्रमाणात येतो, पण १०० पीपीएमच्या घरात गेला की नाकच बधिर होतं आणि वास येणं थांबतं. वास येत नाही म्हणजे वायू नाही, असं धरून माणसं मेली आहेत. फ्यूम हूड चालू, सोडलेला वायू कॉस्टिकच्या बाटलीतून, टेबलावर मीटर. सल्फाइड केलेला कॅटॅलिस्ट कोरडा करून हवेत ठेवू नका, तो आपोआप तापतो. डोडेकेनमध्ये बुडालेलाच ठेवा. आणि पहिल्यांदा गळती तपासायची ती नायट्रोजनने, साबणाचं पाणी लावून. हायड्रोजनची ज्योत उजेडात दिसत नाही.

भुईकोट
दोघांचेही आभार. मग मेमध्ये द्रव का मिळाला? तेव्हाही एवढाच हायड्रोजन होता. आणि गोळ्यात आम्ल किती, पॅराफिन (ऑक्सिजन गेलेला, हवा तो हायड्रोकार्बन) किती हे कसं ओळखायचं? जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफ) दुसरीकडे आहे, आठवड्यातून एकदाच मिळतो.

हायड्रोजन_हिशेब
मेमध्ये सोलापुरात खोलीच ४० अंशांच्या वर असते, हे त्याचं उत्तर. सरळ साखळीचा सी-१७, म्हणजे १७ कार्बनचा पॅराफिन २२ अंशाला वितळतो, सी-१८ २८ अंशाला. शुद्ध स्टिअरिक आम्ल ६९ अंशाला वितळतं, पण पॅराफिन आणि अर्धवट तेलात थोडं असेल तर गरमीत विरघळून राहतं. आपल्या उन्हाळ्यात या कामात "द्रव मिळाला" या वाक्याला काही अर्थ नाही. नमुना बर्फात ठेवूनच बघायचा.

जीसी नसेल तर आम्लांक काढा, म्हणजे १ ग्रॅम नमुन्यातलं आम्ल मारायला किती मिलिग्रॅम पोटॅश लागतं ते. १ ग्रॅम नमुना टोल्युइन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या मिश्रणात विरघळवा, फिनॉल्फ्थॅलिन, ०.१ नॉर्मल अल्कोहोलिक पोटॅश. कोरं मिश्रण आधी टायट्रेट करून तेवढं वजा करा. १ मिली पोटॅश म्हणजे ५.६१ मिलिग्रॅम. शुद्ध स्टिअरिक आम्लाचा आकडा १९७ येतो, पॅराफिनचा शून्य. पण न फुटलेलं तेल आम्लांकात दिसत नाही. त्यासाठी आयआर (इन्फ्रारेड वर्णपट) घ्या: एस्टरचा पट्टा १७४५ ला, आम्लाचा १७१० ला. दोन्ही गेले तरच ऑक्सिजन गेला.

होटगीरोड
माझा वेगळा प्रश्न, आणि तो मनापासून विचारतोय. करडईच का? भीमासारखे वाण आपल्या सोलापूरच्या कोरडवाहू केंद्राच्या मेहनतीतून आले, आपल्या काळ्या रानात रब्बीला येतात, आणि ते तेल लोकांच्या ताटातलं आहे. विमानात जाळायला ते का द्यायचं?

हायड्रोजन_हिशेब
प्रश्न रास्त आहे, आणि रसायनही तुमच्याच बाजूने आहे. ताटात जी करडईची थोरवी, म्हणजे ते दुहेरी बंध, तीच रिअॅक्टरमध्ये ओझं होते. ऑलिइक जास्त असलेल्या तेलाला, म्हणजे ट्रायओलेइनला १५ हायड्रोजन पुरतात, वजनात ३.४ टक्के. करडईला ४.१. टनामागे ७ किलो हायड्रोजन जास्त, आणि हातात येणारा सी-१८ मात्र तोच.

उष्णतेचं तर आणखी बघा. एक मोल दुहेरी बंध भरताना साधारण १२५ किलोज्यूल बाहेर पडतात. एक किलो ट्रायलिनोलेइनमध्ये ६.८ मोल बंध, म्हणजे साधारण ८५० किलोज्यूल. तेलाची उष्णताधारकता २.५ धरली तर नुसत्या बंधांमुळे तेल ३४० अंशांनी तापेल, ऑक्सिजन काढायची उष्णता वेगळीच. प्रयोगशाळेत थोड्या ग्रॅमांत ते कळत नाही, भांड्याचं पोलाद पिऊन टाकतं. सलग चालणाऱ्या रिअॅक्टरमध्ये बेड जळतो.

तिसरा_बेड
म्हणून मोठ्या प्लांटमध्ये ताजं तेल एकटं कधी सोडत नाहीत. तयार झालेलं पॅराफिन परत फिरवून ताज्या तेलात मिसळतात. एकास चार घेतलं तर वरचा ३४० चा आकडा ७० च्या आत येतो. शिवाय कॅटॅलिस्टचे तीन-चार बेड करून मधे मधे थंड हायड्रोजन सोडतात. वरच्या बेडला कमी क्रियाशील कॅटॅलिस्ट, खाली खाली जास्त क्रियाशील. सगळ्यात वर मोठ्या छिद्रांच्या ॲल्युमिनाचा गार्ड बेड, फॉस्फरस आणि धातू धरायला.

तिथे जे बिघडतं ते बहुतेक वेळा दाबाच्या फरकात आधी दिसतं. रिअॅक्टरच्या वरच्या आणि खालच्या टोकातला फरक आठवड्याला थोडा थोडा चढायला लागला, तर वरच्या थरात डिंक किंवा फॉस्फेटचं कवच जमतंय. यात दोन गुन्हेगार असतात: नीट न धुतलेलं तेल, नाहीतर प्रीहीटरमध्ये हायड्रोजनशिवाय जास्त तापवलेलं तेल. लिनोलेइकवालं तेल गरम नळीत एकटं राहिलं की आपसात जोडलं जातं, जसं कढईच्या कडेला तेलाचं पिवळं चिकट कवच बसतं तसं. हायड्रोजन आणि परतफेरीचं पॅराफिन प्रीहीटरच्या आधीच मिसळायचं.

आणखी एक. वनस्पती तेलात सल्फर जवळपास नसतो. कॅटॅलिस्टचा सल्फर मात्र पाणी आणि ऑक्सिजनवाले रेणू हळूहळू ओढून नेतात. म्हणून फीडमध्ये डायमिथाइल डायसल्फाइड सतत थोडं थोडं द्यावं लागतं. पेट्रोलियमवर मुरलेल्या माणसाला हे उलटं वाटतं, तिथे सल्फर काढायला धडपड असते. फिरणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड साचतो, तो कॅटॅलिस्टच्या जागा अडवतो आणि वर मिथेन होऊन हायड्रोजन खातो. त्यामुळे वायूचा काही हिस्सा सोडत राहायचा, कार्बन डायऑक्साइड अमाइनने धुवायचा. थंड सेपरेटरमध्ये पाणी आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र आले की कार्बोनिक आम्ल होतं, साधं कार्बन स्टील तिथे टिकत नाही.

होटगीरोड
मग सोलापूरला यात काय करता येईल? हायड्रोजनचा प्लांट काही अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लगेच उभा राहत नाही. करंज? मोगली एरंड? २७ ऑगस्ट २०१८ ला देहरादून–दिल्ली जे विमान उडालं होतं, त्यात देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने जट्रोफापासून केलेलं इंधन होतं ना?

घाणा_ते_रिफायनरी
हो, जट्रोफाच, म्हणजे आपला मोगली एरंड. पण त्याच्या लागवडीच्या आशा कोरडवाहू रानात फळल्या नाहीत, पाणी-खत न देता बी येत नाही. करंजाच्या तेलात सी-२२ पर्यंतच्या साखळ्या आहेत, शिवाय करंजिनसारखे न साबण होणारे पदार्थ. तेही चालतं, पण शुद्धीकरण जड जातं.

माझं म्हणणं तळलेल्या तेलाचं आहे. एफएसएसएआयच्या (देशाची अन्नसुरक्षा संस्था) नियमाप्रमाणे १ जुलै २०१८ पासून एकूण ध्रुवीय संयुगं (तळून तेल बिघडताना होणारी) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यात वापरता येत नाही. फरसाण, चिवडा, भजी, वडे करणाऱ्या या शहरात असं तेल कमी नाही, आणि ते पुन्हा ताटात येऊ नये ही वेगळी गरज आहेच. इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला ऑगस्ट २०२५ मध्ये वापरलेल्या तेलापासूनच्या विमान इंधनासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. म्हणजे घेणारा देशात आहे. त्याला हवं असतं ते स्वच्छ फीड, आणि स्वच्छ करायला हायड्रोजन लागत नाही. तेलगिरणीची यंत्रं लागतात, ती या भागात आहेत.

पद्धत सांगतो. आलेलं तेल ६० अंशाला गरम करून १०० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा. जळके कण राहिले तर पुढची ब्लीचिंगची माती फुकट जाते. मग मिठाचा बंदोबस्त. फरसाणच्या तेलात मीठ असतंच, आणि तेलात न विरघळणारे ते बारीक कण जाळीतून जातात. क्लोराइड रिअॅक्टरमध्ये हायड्रोजन क्लोराइड होतं, पुढे थंड भागात अमोनियम क्लोराइड होऊन नळ्या बुजवतं आणि स्टेनलेसला चिरा पाडतं. म्हणून ८५ अंशाला वजनाच्या ५ टक्के गरम, मऊ पाण्याने धुवा. बोअरचं जड पाणी अजिबात नको. त्यातला कॅल्शियम मोकळ्या आम्लांशी साबण करतो आणि मधे न फुटणारा पांढरा थर बसतो. थर बसलाच तर चिमूटभर सायट्रिक आम्ल द्या आणि ढवळणी हळू करा.

नंतर डिंक काढणं: ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक आम्ल तेलाच्या ०.१ टक्का, ७५ ते ८० अंश, जोरात ढवळून दहा-पंधरा मिनिटं. मग २ टक्के पाणी, हळू ढवळणी, सेंट्रिफ्यूज. इथे एक चूक नेहमीची आहे. फॉस्फरस काढायला घातलेलं आम्ल नीट धुतलं गेलं नाही तर तोच फॉस्फरस तेलात उरतो. शेवटी आम्लाने सक्रिय केलेली ब्लीचिंग माती १ ते २ टक्के, १०५ अंश, निर्वातात, २५ मिनिटं. तेल आधी वाळलेलं पाहिजे. गाळण झाल्यावर फिल्टरवरची तेलकट माती ढिगाने उन्हात ठेवू नका, आपल्या उन्हाळ्यात ती आपणहून पेट घेते. पाणी मारून ओली ठेवा.

लक्ष्य: फॉस्फरस २-३ पीपीएमच्या आत, सगळे धातू मिळून १० च्या आत. खरी तपासणी आयसीपीवर (धातूंचे अंश मोजणारं यंत्र). पण रोजच्या कामाला जुनी गिरणीची चाचणी पुरते: थोडं तेल परीक्षानळीत २८० अंशापर्यंत तापवा. कापसासारखी पिसं फुटली तर डिंक आहे, बॅच परत.

तिसरा_बेड
आम्लांकही नोंदवा. तळलेल्या तेलात मोकळी आम्लं जास्त असतात, २०० अंशाच्या वर ती कार्बन स्टील खातात आणि खाल्लेलं लोखंड कॅटॅलिस्टवर जाऊन बसतं. घेणाऱ्याचा प्लांट कोणत्या धातूचा आहे त्यावर त्याची मर्यादा ठरते, ती आधी विचारा.

भुईकोट
नवी बॅच घेतली. हायड्रोजन पुरावा म्हणून सगळं कमी केलं: कॅटॅलिस्ट ०.५ ग्रॅम, डायसल्फाइड ०.१ ग्रॅमने सल्फाइड करून, ते द्रावण काढून टाकलं. मग ४ ग्रॅम तेल, १५ मिली ताजं डोडेकेन (५ मिली द्रवापर्यंत ढवळणीचं पातं पोचत नव्हतं). वरची जागा ८० मिली, ४० बारला ०.१२९ मोल, गरज ०.०८२. ३५० अंशाला दाब १०० बारच्या जवळ गेला. भांडं आणि फुटचकती (दाब फार वाढला तर आधी फुटणारी चकती) त्याहून बऱ्याच जास्त दाबाची आहे, हे आधी पाहिलं.

थंड झाल्यावर दाब २२ बार. तळाशी पाण्याचे थेंब वेगळे दिसले. आम्लांक १.५. आयआरवर १७४५ चा पट्टा गेला. जीसीवर सी-१७ आणि सी-१८ यांचं प्रमाण ४० ला ६०. बर्फात ठेवलं तर थोडं गढूळ झालं, पण गोठलं नाही. याचा अर्थ साखळीला फांद्या फुटल्या का?

हायड्रोजन_हिशेब
नाही, ते डोडेकेन आहे. ते उणे १० अंशापर्यंत द्रव राहतं आणि तुमच्या पॅराफिनला विरघळवून ठेवतं. डोडेकेन वापरलं की बर्फाची चाचणी निकामी. ते २१६ अंशाला उकळतं, ऊर्ध्वपातन करून काढा आणि मग बघा, गोठेल. हेक्साडेकेन वापरलं नाहीत हे बरं, करडईतल्या पामिटिक आम्लाचा सी-१६ त्यात लपला असता.

आम्लांकाचं: ११ ग्रॅम डोडेकेनमध्ये ४ ग्रॅम तेल, सगळं आम्ल झालं असतं तर आकडा ५० च्या पुढे गेला असता. १.५ म्हणजे काम झालं. दाबावरून हायड्रोजनचा खप काढताना मात्र जपा. ४० चे २२ झाले म्हणजे ०.०५८ मोल गेला असं वाटतं, पण उरलेल्या २२ बारमध्ये प्रोपेन आणि कार्बनचे दोन्ही ऑक्साइडही आहेत, मिळून ०.०१ मोल. खरा खप ०.०६८ च्या आसपास, आणि तुमच्या ४०:६० शी तो जुळतो: सी-१८ झालेल्या प्रत्येक आम्लाने तीन हायड्रोजन खाल्ले, सी-१७ वाल्याने एक किंवा शून्य.

तिसरा_बेड
आता सापो-११ ची वेळ. सी-१८ ची सरळ साखळी २८ अंशाला गोठते, आणि जेट ए-१ चा गोठणबिंदू उणे ४७ च्या खाली लागतो. साखळीला मिथाइलच्या फांद्या फोडायच्या आणि थोडी तोडायची, कारण विमान इंधन साधारण सी-८ ते सी-१६. प्लॅटिनम हायड्रोजन जोडतो-सोडतो, सापोच्या अरुंद नळीसारख्या छिद्रांत फांदी फुटते. छिद्र अरुंद म्हणून फार फांद्या फुटत नाहीत आणि साखळीचा चुरा कमी होतो.

पण पहिल्या टप्प्यातला द्रव तसाच त्यावर घालू नका. विरघळलेला हायड्रोजन सल्फाइड, पाणी, कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनम मारतात. नायट्रोजनचे अंश आणि सोडियम-पोटॅशियम सापोची आम्लकेंद्रं मारतात. नायट्रोजन वायूने द्रव तासभर फुंकून घ्या, मग वाळवा. कॅटॅलिस्टही वेगळा, भांडंही घासून वेगळं. आधीच्या डायसल्फाइडचा अंश गास्केटमध्ये राहतो. सुरुवात ३२० अंश, ४० बार. तापमान दहा-दहाने चढवा आणि प्रत्येक वेळी सी-८ च्या खालचा हिस्सा मोजा. गोठणबिंदू खाली जाताना तोही वाढतच जातो. जिथे हलका हिस्सा एकदम उसळी घेतो, त्याच्या एक पायरी आधी थांबायचं.

भुईकोट
आणि जे मिळेल ते थेट विमान इंधन म्हणता येईल का?

तिसरा_बेड
नाही. एएसटीएम डी ७५६६ (अशा विमान इंधनाचं आंतरराष्ट्रीय मानक) च्या ए-२ परिशिष्टात हा मार्ग २०११ पासून मान्य आहे, पण जास्तीत जास्त ५० टक्के मिश्रण म्हणून. यात ॲरोमॅटिक नसतात, घनताही कमी, १५ अंशाला ७३० ते ७७२. मिश्रणात किमान ८ टक्के ॲरोमॅटिक हवेत, नाहीतर जुन्या इंधन प्रणालीतले रबरी सील आक्रसून गळतात. ज्वलनांक ३८ च्या वर, अंतिम उत्कलन ३०० च्या आत. तुम्ही अहवालात "विमान इंधनाच्या टप्प्यातलं पॅराफिन" असं लिहा.

घाणा_ते_रिफायनरी
भुईकोट, सापोवर जायच्या आधी एक बॅच तळलेल्या तेलाची घ्या. अर्धं तेल नुसतं गाळलेलं, अर्धं वर लिहिलंय तसं धुऊन-ब्लीच करून, बाकी सगळं सारखं. प्रत्येक तेलाला सल्फाइड केलेला आपापला कॅटॅलिस्ट, तोच तीन-तीन वेळा, मधे न बदलता. पहिल्या वेळी दोन्हींचा आम्लांक जवळपास सारखा दिसेल. तिसऱ्या वेळचा आकडा इथे टाका.

भुईकोट
घेतो. होटगी रस्त्यावरच्या एका फरसाणवाल्याकडून १० लिटर मिळतंय. पाणी आरओचं वापरतो. सहा आम्लांक आणि सहा थंड दाब याच धाग्यावर देईन.